तीन महिन्यांची नोटीस आणि ७८ पानं

सरकारी बँकेत वीस वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. पेन्शन मिळतं, फंड मिळतो, ग्रॅच्युइटी मिळते. त्या तीन महिन्यांत माणसानं स्वतःचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं. मी अर्ज दिला आणि बघता बघता शाखेतली हवा बदलली. ऑडिटच्या तयारीच्या मीटिंगला मला कुणी बोलावेना. नवीन लागलेल्या मुलीला कॅशचं काम शिकवायचं होतं, ते शेजारच्या टेबलाला सांगितलं गेलं. काउंटरवर मी रोज बसत होते, पण लोक माझ्याबद्दल ‘मॅडम होत्या तेव्हा’ असं बोलायला लागले होते.

आपल्याकडे तसं प्रत्येक वळणाला काही ना काही आहे. बारसं, मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत, साठीशांत; माणूस गेला तर दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध. पण पन्नाशी उलटलेल्या धडधाकट बाईनं चालू नोकरी सोडावी, नवऱ्याला त्याच्या निवृत्तीपर्यंत डोंबिवलीत ठेवावं आणि आपण सावंतवाडीला आईपाशी राहायला जावं, याला ना विधी, ना मुहूर्त, ना कुणी ओटी भरणारं. शाल, श्रीफळ, समोसा आणि “आता काय बाबा, मजा आहे तुमची.” नातेवाइकांचा प्रश्न निराळा आणि जरा खालच्या आवाजातला: “तुमचं दोघांचं बरं चाललंय ना?”

टॅरोकडे, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगतात त्याकडे, मी वळले ती या मधल्या दिवसांत. पुढे काय होणार ते मला बऱ्यापैकी माहीत होतं; तारीख ठरली होती, कोकणकन्येचं तिकीट काढायचं तेवढं राहिलं होतं. भविष्याची उत्सुकता फारशी नव्हती. चाललंय त्याकडे धड बघताच येत नव्हतं, ही अडचण होती.

सुरुवात ठाण्यात झाली. शाखेतल्या मैत्रिणीनं नंबर दिला. खोलीत मंद दिवा, टेबलावर जांभळं मखमली कापड, गुलाबी स्फटिक, आणि कोपऱ्यात सेजची पानं धुमसत होती. बाई पस्तिशीच्या, बोलायला गोड. पाऊण तासाचे दीड हजार आधीच घेतले. पत्ते माझ्याकडून पिसून घेतले आणि तीन पानं काढायला लावली. मधलं पान उलटलं तर त्यावर घोड्यावर बसलेला सांगाडा. “घाबरू नका हं मॅडम, डेथ म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन,” त्या इतक्या झटकन म्हणाल्या, की मला ते चित्र नीट बघायलाही मिळालं नाही. तिसरं पान निघाल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तिनांतली दोन पानं मेजर आर्कानातली, म्हणजे टॅरोतल्या मोठ्या मानाच्या पानांतली! विश्व तुम्हाला फार मोठा संदेश देतंय. ही इजिप्तची पाच हजार वर्षांपूर्वीची विद्या आहे, ती खोटं बोलत नाही. शेवटी संदेश नीट पोचावा म्हणून एक ब्रेसलेट सुचवलं, चार हजारांच्या वरचं.

ते मी घेतलं नाही. मुदत ठेव ठेवायला आलेल्या माणसाच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारायचं टार्गेट इतकी वर्षं सांभाळलंय. क्रॉस-सेलिंग मला लांबूनच ओळखू येतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि आमच्याकडे अंनिसचं वार्तापत्र येतं, म्हणजे काय झालं असेल ते सांगायला नको. त्यानं वीजबिलाच्या पाठीवर गणित मांडलं. एकूण पानं ७८. त्यांतली मेजर २२. तीन पानं काढली तर दोन किंवा तिन्ही मेजर निघण्याची शक्यता १९ टक्के. “म्हणजे त्या बाईंकडे जाणाऱ्या साधारण दर पाचव्या गिऱ्हाइकाला विश्व फार मोठा संदेश देत असणार,” तो म्हणाला. मग फोररची गोष्ट सांगितली. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेतली, प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं आणि ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता.

मला सगळं पटलं. गणितही, फोररही. तरी घोड्यावरचा तो सांगाडा डोक्यातून जाईना, कारण माझं ते चित्र बघून व्हायचं होतं.

मग पत्तेच मागवले. रायडर-वेट म्हणतात तो जोड, १९०९ साली लंडनमध्ये निघालेला, आजही सर्वांत जास्त तोच वापरतात. खोका उघडला आणि आधी पानं मोजली. बंडल हातात आलं की मोजायचं, हा आमच्या हाताचा धर्म. भरली ८०. पुन्हा मोजली, पुन्हा ८०. बघते तर दोन पानं जाहिरातीची, माहितीची. ती बाजूला काढली तेव्हा टॅली जुळली. दुसरी सवय सही बघायची. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बारीक, वळणदार, सापासारखी खूण आहे: पी, सी, एस. ही पामेला कोलमन स्मिथ. आर्थर वेट या गृहस्थांनी कल्पना सांगितल्या आणि हिनं चित्रं काढली. एका पत्रात तिनं लिहिलंय की काम फार मोठं होतं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. जोडाला नाव लागलं ते प्रकाशकाचं आणि वेटसाहेबांचं. १९५१ साली ती कॉर्नवॉलमधल्या एका गावात वारली तेव्हा तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. सही मात्र अजून पानापानावर आहे.

आणि मग ते मृत्यूचं पान, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली. पांढरा घोडा. सांगाडा काळ्या चिलखतात, हातात काळा झेंडा आणि त्यावर पांढरं फूल. घोड्याच्या पायाशी राजा आडवा पडलाय, मुकुट बाजूला. सोनेरी झगा घातलेला धर्मगुरू हात जोडून उभा, बहुधा काहीतरी सवलत मागतोय. एक तरुणी गुडघ्यांवर बसलीय, पण तिनं तोंड फिरवलंय. तिच्याशेजारी एक लहान मूल, तेच काय ते सरळ वर बघतंय. मागे नदीतून एक गलबत चाललंय आणि अगदी टोकाला दोन मनोऱ्यांमधून सूर्य डोकावतोय. उगवता की मावळता, हे चित्रावरून सांगता येत नाही. ट्रान्सफॉर्मेशन हा शब्द यात कुठेच नव्हता. तोंड फिरवलेल्या त्या मुलीकडे मी बराच वेळ बघत राहिले. गेले कित्येक दिवस शाखेत मी तशीच बसत होते.

शिकायला मिळालं ते डोंबिवलीतच. फडके रोडच्या मागच्या बाजूला एक निवृत्त चित्रकलाशिक्षिका आपल्या घरी चार-पाच जणींना टॅरो शिकवतात, असं कळलं. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. मखमल नाही, स्फटिक नाही. सतरंजी, आणि मध्ये चहाचा ट्रे. त्यांनी पहिल्याच दिवशी इजिप्तचा निकाल लावला. टॅरो निघाला पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, मिलान-फेराराच्या दरबारांत, आणि तोही खेळायला. पुढची तीन-साडेतीन शतकं लोकांनी त्यावर डावच खेळले. १७८१ साली कूर द झेब्लँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं जाहीर केलं की यात इजिप्तचं गुप्तज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंनं ती उलगडली १८२२ साली. झेब्लँच्या पाठोपाठ पॅरिसमधल्या आलियेत नावाच्या माणसानं, स्वतःचं आडनाव उलटं लिहून जो एतेया झाला होता, टॅरोवर भविष्य सांगायचा धंदा जोरात चालवला. “तेव्हा गुप्तज्ञान वगैरे डोक्यातून काढा,” बाई म्हणाल्या, “पण इजिप्तचा संबंध अगदीच नाही असंही नाही.” युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकात, मामलुक सुलतानांच्या इजिप्तमार्गे. त्यांच्या पत्त्यांत पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग होते. युरोपात पोलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून नुसत्या काठ्या राहिल्या. टॅरोची ५६ पानं म्हणजे हेच चार रंग: एक्क्यापासून दश्शीपर्यंत, वर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. आपल्या पत्त्यांपेक्षा प्रत्येक रंगात एक घोडेस्वार तेवढा जास्त.

बाईंचे नियम थोडे होते आणि त्यांत सूट नव्हती. होय-नाहीचा प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्याबद्दल विचारायचं नाही. ‘सासू कधी बदलेल’ असं एकीनं विचारलं होतं, तिला चहा देऊन गप्प बसवलं. पुस्तकातला अर्थ बघायच्या आधी चित्रात काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायचं, आणि दिसतंय तेवढंच. शेवटचा नियम मला सर्वांत उपयोगी पडला: पान बघून झालं की त्याचं एक काम करायचं, हातानं करता येईल असं. नाहीतर ती नुसती करमणूक, असं त्यांचं मत. करमणुकीला त्यांची हरकत नव्हती म्हणा, पण त्यासाठी टीव्ही आहे म्हणायच्या.

रोज सकाळी लोकलला निघायच्या आधी एक पान काढायचं आणि बँकेच्या जुन्या डायरीत दोन ओळी लिहायच्या, असा सराव होता. यात बराच कचरा निघतो, हे सांगून टाकायला हवं. तलवारींची तिर्री निघाली, म्हणजे काळजात तीन तलवारी घुसल्यात आणि वर पाऊस पडतोय असं पान, आणि त्या दिवशी सर्व्हर तासभर बंद पडण्यापलीकडे काही घडलं नाही. चंद्राचं पान लागोपाठ दोनदा आलं आणि दोन्ही दिवस अगदी निवांत गेले. नवरा संध्याकाळी हिशेब विचारायचा, मी खरं ते सांगायची.

पण एक दिवस पेल्यांची अठ्ठी निघाली. ती मी क्लासला घेऊन गेले.

“काय दिसतंय?” बाईंनी विचारलं.

“एक माणूस चाललाय. पाठमोरा. लाल झगा, हातात काठी. रात्र आहे, वर चंद्र.”

“पेल्यांचं काय झालंय? सांडलेत? फुटलेत?”

“नाही. नीट रचलेत. खाली पाच, वर तीन. वरच्या ओळीत मध्ये एक फट आहे.”

“मग हा जातोय का?”

“पुरे झालं म्हणून,” मी म्हटलं, आणि मग मला पुढे बोलता येईना.

अर्ज दिल्यापासून मी सगळ्यांना एकच कारण सांगत होते. आई एकटी असते, गुडघ्यानं चालवत नाही, वडील गेल्यापासून रात्री झोपत नाही. यातलं अक्षरही खोटं नाही. पण मला नोकरी नकोशी झाली होती, हे त्याच्या आधीचं होतं. पेले शाबूत होते. पगार वेळेवर, शाखा बरी, साहेब समजूतदार. कुणी छळलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं. आणि तक्रार नसताना निघून जाणाऱ्या बाईला आपल्याकडे कारण द्यावं लागतं. आईचा गुडघा हे सर्वमान्य कारण आहे. बाई काही बोलल्या नाहीत. शेजारच्या मुलीनं चहा पुढे सरकवला.

त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यानं पत्त्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. “म्हणजे आई नसत्या तरी सोडली असतीस?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग आम्ही दोघं बऱ्याच उशिरापर्यंत बोललो, आणि पहिल्यांदाच आईबद्दल सोडून आमच्याबद्दल बोललो: या वयात दोन घरं करणं, त्याचा डबा, माझ्या पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी घ्यायचा की नाही, आणि एकटं राहायचं मला थोडं आकर्षण आहे का. हा शेवटचा प्रश्न त्याचा होता. उत्तर आमच्यातच राहू दे.

नोटीस संपत आली तेव्हा बाईंनी उंबरठ्याची मांडणी शिकवली. पाच पानं. संपतंय ते, मागे ठेवायचं ते, बरोबर न्यायचं ते, वाटेत आडवं येणारं, आणि पहिलं पाऊल. नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री मी ती घरी मांडली. दिवाणावर जुनी चादर, पंखा बंद, कारण पानं उडतात.

पहिलं निघालं काठ्यांची दश्शी. एक माणूस दहा काठ्यांचा भारा छातीशी कवटाळून वाकून चाललाय. भारा तोंडासमोरच धरल्यामुळे त्याला पुढचं घर दिसत नाही, आपल्याला दिसतं. यावर भाष्य करायची गरजच नव्हती.

मागे ठेवायचं त्या जागी नाण्यांची चौकी. मला हसूच आलं. मुकुट घातलेला माणूस दगडी बैठकीवर बसलाय. एक नाणं डोक्यावर, एक दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, दोन पायांखाली दाबलेली. सगळं शहर पाठीमागे, याला जागचं हलता येत नाही. पंख्याखाली नोटांवर वजन ठेवून बसलेला कॅशियर हुबेहूब असाच दिसतो.

बरोबर न्यायचं: मेजरमधलं चौदावं, संयम. पंखवाला देवदूत, एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, आणि एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओततोय. धार तिरकी पडतेय, तशी पडू शकत नाही, पण पडतेय. याचं काम लगेच सापडलं. कालनिर्णय उतरवून आम्ही जोडून आलेल्या सुट्ट्या शोधल्या आणि कोण कधी कुठे येणार ते पेन्सिलीनं लिहिलं. पेननं लिहू नको, नवरा म्हणाला.

चौथं पान तलवारींची छक्की. होडी, मागे उभा नावाडी, पुढे शाल पांघरून वाकून बसलेली बाई आणि तिला टेकलेलं मूल. सहा तलवारी होडीच्या पुढच्या भागात उभ्या खुपसलेल्या. होडीच्या एका बाजूचं पाणी खवळलेलं, दुसऱ्या बाजूचं सपाट. तलवारी उपटल्या तर भोकांतून पाणी आत येईल, म्हणून त्या बरोबरच न्यायच्या, असं बाई सांगायच्या. नवरा आता खांद्यावरून बघत होता.

“यात तू कोण?”

“नावाडी.”

“शालीतली?”

“आई.”

“मग ते पोर कोण?”

याचं उत्तर मला आलं नाही. अजून आलेलं नाही.

पाचवं पान पेल्यांचा गुलाम: फुलाफुलांचा अंगरखा घातलेला पोरगा समुद्राकाठी उभा आहे, हातात पेला, आणि पेल्यातून एक मासा डोकं वर काढून त्याच्याशी काहीतरी बोलतोय. पोरगा दचकलेला नाही. हे पान बघून कुणी गंभीर राहू शकत असेल असं वाटत नाही.

“आता पुन्हा पिस आणि हाच प्रश्न विचारून दुसरी पाच काढ,” नवरा म्हणाला. संख्याशास्त्राचा माणूस, त्याला प्रयोग पुन्हा करून बघायचा होता. काढली. सगळी वेगळी. त्यांवरही मला बोलता आलं, आणि बोलण्याचा मतलब फार वेगळा निघाला नाही. “मग पत्त्यांनी काय केलं?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, पत्त्यांनी बोलतं केलं. दोन्ही वेळा बोलले मीच. हे त्याला मान्य झालं. त्याच्या मते मग दीड हजारांऐवजी एखादं चित्रांचं कॅलेंडर चाललं असतं. चाललं असतंही. पण कॅलेंडरसमोर बसून स्वतःबद्दल मोठ्यानं बोलायची कुणाची हिंमत होत नाही. पत्ते, पिसणं, चादर, क्रम हे सगळं असतं म्हणून त्या बोलण्याला जागा मिळते. सत्यनारायणाच्या पूजेतही निम्मी गंमत मांडणीतच असते.

निरोप समारंभाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शाल आली, श्रीफळ आलं. माझ्यासाठी नोकरी संपली ती त्याच्या आधी, दुपारी. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. त्यांतली एक चावी मी वर्षानुवर्षं पर्सच्या आतल्या कप्प्यात, साखळीला लावून, अंगावेगळी न करता सांभाळली होती. सिनेमाला गेलं तरी हात तिथेच, लग्नाला गेलं तरी हात तिथेच. रजिस्टर समोर आलं. तारीख, वेळ, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. साखळीतून चावी निघता निघेना, शेवटी शिपायानं स्टेपलरच्या टोकानं कडी फाकवून दिली. नाण्यांच्या चौकीचं काम अजून राहिलं होतं. ड्रॉवरमधली माझी स्पंजची डबी, नोटा मोजताना बोटं ओली करायची, मी त्या नवीन मुलीच्या काउंटरवर ठेवली. तिनं थँक्यू मॅडम म्हटलं आणि बाजूला सरकवून ठेवली. नोटा मोजायला मशीन आहे, तिला ती कशाला लागणार! पण माझं काम झालं होतं.

सावंतवाडीत आईनं माझ्या येण्याचा विषय केव्हाच निकालात काढला होता. तिनं ग्रामदेवतेला कौल लावला होता. गुरवानं देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवा कौल मिळाला, झालं. मी पत्ते काढून बसलेली बघून म्हणाली, “ह्या काय गो? पत्ते कुटत बसलंस?” मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मगे ह्यात देव खंय आसा?” नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. कौलाचं बरं असतं. हो किंवा नाही मिळतं आणि पुढची जबाबदारी देवाची. टॅरोत ती आपल्याच गळ्यात येते. काही दिवशी मला आईचीच पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

पेल्यांचा गुलाम मात्र तिला आवडला. चष्मा लावून तिनं पान उजेडात धरलं. “कपात मासो कित्याक घातल्यान?” आणि मग, “ह्यो खंयचो मासो? बांगडो नाय हो.” पहिल्या पावलाचं काम मी तिच्यावरच सोपवलं. डोंबिवलीत इतकी वर्षं मी मासे कोळणीकडून साफ करून घेत आले. आईनं विळीसमोर बसवलं आणि तारल्यांपासून सुरुवात करून दिली. खवले, मग डोकं, मग पोट, आणि ‘नळाखाली धरू नको, चव जाता’. पहिले कित्येक दिवस मांजरांची चंगळ झाली.

गंजिफा, म्हणजे सावंतवाडीचे रंगवलेले जुने पत्ते, मी लहानपणापासून पाहिलेल्या, राजवाड्यात आलेल्या पाहुण्यांना दाखवायच्या म्हणून. आता टॅरो हाताळून झाल्यावर पुन्हा गेले आणि तासभर रेंगाळले. दशावतारी गंजिफेची गोल पानं १२०: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक ते दहा आणि वर वजीर, राजा. पहिला रंग मत्स्य. बाबरानं १५२७ साली सिंधच्या राज्यकर्त्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. तिकडून निघालेला खेळ इथे येऊन विष्णूचा झाला. सावंतवाडीत ही कला अगदी संपत आली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी १९७०च्या दशकात पुन्हा उभी केली. या पत्त्यांत भविष्य नाही, नुसता खेळ, पण एक नियम मला फार आवडतो. दिवसा ज्याच्या हातात रामाचा राजा असेल तो डाव सुरू करतो. रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल तो. पानं तीच, वेळ बदलली की सुरुवात करणारा बदलतो. बाईंना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, एक जोड पाठव.

आता दिवसाला एक पान काढणं सुटलंय. आईचं औषध, घराचा पावसाळी गळका कोपरा, पेन्शनचा हयातीचा दाखला, यांना पत्ते लागत नाहीत. कुणाच्या तरी आयुष्यात काही बदलायचं असलं की बाहेर निघतात. पैसे घेत नाही, आणि लग्न कधी होईल असं विचारणाऱ्याला चहा देऊन परत पाठवते.

परवा शेजारची मुलगी आली. बारावी झालीय, पुण्याला नर्सिंगला निघालीय, सावंतवाडीच्या बाहेर पहिल्यांदाच राहणार. उंबरठ्याची मांडणी केली. पहिल्याच जागी मनोरा: वीज कडाडतेय, कळसावरचा मुकुट उडालाय, दोन माणसं डोकं खाली करून हवेत. तिची आई दारात उभी होती, तिचा चेहरा पडला. पोरगी मात्र पानावर वाकून बघत बसली.

“मावशी, ही दोघं पडलीत की त्यांनी उडी मारलीय?”

“तुला काय दिसतंय?”

“एकाचे हात बघा ना. सूर मारल्यासारखे आहेत.” मग आईकडे वळून, “आई, माझा लाल स्वेटर कुठाय?”

स्वेटर कुठाय यावरून दोघींची जुंपली आणि उरलेली चार पानं उलटायची राहून गेली. आतून माझ्या आईनं आवाज दिला की पत्ते नंतर, आधी कौल लावा. पोरीची गाडी रविवारी आहे. कौल शनिवारी लावायचा ठरलाय, गुरवानं सकाळी आठच्या आत बोलावलंय.